जिताड्यासाठी डायवा बीजी ४०००: रीळ आणि त्याच्या पुढचं सगळं

मोठ्या जिताड्यासाठी रीळ शोधत असाल तर निकाल आधीच सांगितलेला बरा. डायवाचं बीजी ४००० पुरतं. त्याच्या दुप्पट किमतीचं रीळ घेतल्याने मासा जास्त लागत नाही, आणि लागलेला मासा रिळामुळे सुटल्याची उदाहरणंही फार नाहीत. तो सुटतो शेवटच्या मीटरभरात: लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला जाड दोरा), गाठ, गळ अडकवायची रिंग नाहीतर गळ. म्हणून हे परीक्षण रिळाचं असलं तरी निम्म्याहून जास्त मजकूर रिळाच्या पुढे काय बांधायचं आणि ते पाण्यात कसं चालवायचं याचा आहे.

मोठा म्हणजे केवढा, ते ठरवून घेऊ. रायगडात जिताडा, मालवणकडे चोणक. बाजारात येतो तो बहुतेक किलो-दोन किलोचा. ८० सेंटीमीटरचा मासा साधारण सहा किलो भरतो, आणि मीटरभर लांबीचा बाराच्या आसपास जातो. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी, साधारण ८० ते १०० सेंटीमीटरच्या टप्प्यात, मादी होतो. त्यामुळे मीटरच्या वरचा जिताडा जवळजवळ नेहमी मादीच असते. तेवढं वाढण्याआधी तिने डोल, पाग, वाणा आणि खाजणातली जाळी अशा सगळ्यांना चुकवलेलं असतं. असा मासा एका खाडीत मोजकाच असतो आणि तो भित्रा नसला तरी सावध असतो. त्याच्यासाठीची जुळणी रोजच्या तांबोशी-शेंगटीच्या जुळणीपेक्षा वेगळी लागते.

आता रीळ. बीजीचं अंग ॲल्युमिनियमचं आहे आणि त्याची खरी किंमत तिथेच आहे. प्लास्टिकच्या अंगाचं रीळ जोराच्या ओढीखाली किंचित पिळतं, आतले दाते एकमेकांवर तिरके बसतात आणि हँडल फिरवताना खरखर लागते. बीजीत हे जाणवत नाही. हँडल थेट स्क्रूने बसतं, त्यामुळे दुमडणाऱ्या हँडलसारखी ढिलाई नाही. ४००० क्रमांकाला ड्रॅगची, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन सुटू देणाऱ्या ब्रेकची, कमाल ओढ आठ किलो दिली आहे. दुकानदार हाच आकडा पुढे करतो, पण खाडीत त्याचा निम्माही वापरायचा नसतो. महत्त्वाचं आहे ते ड्रॅग सुटतो कसा. हलक्या प्रतीच्या रिळात वॉशर आधी चिकटलेले राहतात आणि मग एकदम सुटतात. त्या पहिल्या झटक्यातच गळ ओठातून निसटतो. बीजीचा ड्रॅग सुरुवातीपासून सरळ सुटतो. दुकानात तपासायचं असेल तर लाइन भरलेलं स्पूल मध्यम आवळून लाइन हाताने हळू ओढा. रॉडचं टोक एका जागी वाकून स्थिर राहायला हवं. ते टकटक मान हलवत असेल तर ते रीळ ठेवून द्या, त्यावर नाव कोणाचंही असो.

उणिवाही स्पष्ट आहेत. पहिली, वजन. हे रीळ साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आहे. जेटीवर किंवा पुलाखाली उभं राहून तासाभरात पंचवीस-तीस वेळा ल्युअर (नकली आमिष) फेकणाऱ्याला ते खुपत नाही. होडीत किंवा कयाकमध्ये बसून सकाळभर सतत फेकत राहणाऱ्याच्या मनगटाला मात्र समजतं. शिमानोच्या स्ट्रॅडिकसारखं रीळ याहून बरंच हलकं आहे आणि महागही आहे. तसं वापरायचं असेल तर तो पैसा वाया जात नाही. दुसरी, हे रीळ पूर्ण बंदिस्त नाही. डायवाच्या वरच्या श्रेणीत असतो तो मॅगसील (पाणी अडवणारी चुंबकी तेलाची सील) यात नाही. खारं पाणी आत जाऊ शकतं आणि खाडीचं गाळाचं पाणी त्याहून वाईट. कयाकवर रीळ एकदा जरी पाण्यात बुडालं तरी घरी येऊन ते उघडावं लागेल असं धरून चाला. तिसरी गोष्ट उणीव म्हणावी की नाही, हे चालवणाऱ्यावर आहे. गिअरचं प्रमाण ५.७ ला १ आहे आणि हँडलच्या एका फेऱ्यात साधारण एक मीटर लाइन आत येते. समुद्राच्या कड्यावरून टोळ-सुरमईसाठी हे उत्तम. जिताड्याला मात्र हळू लागतं, आणि सवयीने हात भरभर फिरतो. या रिळावर अर्धा फेरा हे माप धरा.

४००० घ्यावं की ५०००? पाच हजारी रीळ बरंच जड होतं आणि सात फुटी रॉडवर मागे ओढल्यासारखं लागतं. ४००० वर ३० पौंडी (तेवढ्या ओढीला तुटणारी) लाइन हवी त्यापेक्षा जास्तच मावते. जिताडा सुरमईसारखा दोनशे मीटर पळत नाही. तो पळतो पंधरा-वीस मीटर, पण थेट खांबाच्या मागे.

रॉड दोन प्रकारचा लागतो, आणि एकाच रॉडने दोन्ही कामं करायला गेलात की दोन्ही अर्धवट होतात. होडीसाठी सात फुटी, मीडियम-हेवी, टोकाकडे वाकणारा, १४ ते ४२ ग्रॅमचे ल्युअर फेकणारा. जेटी किंवा खडकावरून फेकायचं तर साडेआठ-नऊ फुटी, कारण कालवांनी भरलेल्या खडकाच्या कडेवरून लाइन उचलून धरावी लागते. रॉडवर जेवढे पैसे घालाल त्याच्या दीडपट रिळावर घाला. महागडा रॉड पडल्यावर तुटतो, पण स्वस्त रीळ मासा लागल्यावर दगा देतं.

लाइन पीई २ ची (पीई हा जाडीचा क्रमांक) ब्रेडेड, म्हणजे विणलेली, साधारण ३० पौंड, जाडी ०.२३५ मिलिमीटर. आठ पदरी लाइन गुळगुळीत असते आणि लांब जाते. चार पदरी जाड पदरांची असते आणि कालवं, खांबाचं काँक्रीट आणि तिवराच्या मुळ्यांवर जास्त टिकते. खाडीत चार पदरी घ्या. स्पूलवर आधी दहा-पंधरा मीटर मोनो (एकपदरी नायलॉन) गुंडाळा, नाहीतर ब्रेडेड लाइन स्पूलवरच गरगर फिरते आणि ड्रॅग बिघडल्यासारखा वाटतो. कडेपासून दोन मिलिमीटर खाली येईपर्यंत भरा. भरताना ओला कपडा बोटात धरून ताण द्या. सैल भरलेली लाइन पहिल्या जोराच्या ओढीत आतल्या थरांत रुतते आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. गुंत्याचं दुसरं कारण बेल, म्हणजे लाइन स्पूलवर आणणारी तारेची कमान. हँडल फिरवून बेल बंद केली की पहिला वळसा सैल पडतो. बेल हाताने बंद करा आणि लाइन एकदा चिमटीत ताणून मगच फिरवा. रात्रीच्या वेळी वाऱ्यात अर्धा त्रास एवढ्यानेच कमी होतो.

लीडरबद्दल खाडीच्या काठावर सगळ्यात जास्त वाद होतात, पण हिशेब सरळ आहे. जिताड्याला कापणारे दात नाहीत. त्याच्या ओठांच्या आत कानशीसारखा खरखरीत पट्टा असतो, तो लीडर घासून पातळ करतो. कल्ल्याच्या झाकणाची कड मात्र पात्यासारखी असते आणि उडी मारून डोकं हलवताना लाइन तिच्यावर आली की एका क्षणात जाते. त्यामुळे ५० ते ६० पौंडी लीडर, लांबी ८० सेंटीमीटर ते एक मीटर. ३० पौंडी लीडरला मासा जास्त लागतो हे खरं असेलही, पण तो लहान मासा. लीडर मोनो चालतो. फ्लुरोकार्बन थोडा कडक आणि घर्षणाला बरा, पण त्याच्या गाठी ओल्या करून सावकाश आवळाव्या लागतात. ब्रेडेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ: १८ ते २० वळसे, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, मग अर्धगाठी. हातावर कापड गुंडाळून पूर्ण जोराने ओढा. वळसे लीडरमध्ये रुतून रंग गडद झाला नाही तर गाठ पुन्हा घाला. दिव्याखाली घरी घातलेली गाठ आणि अंधारात होडीत घातलेली गाठ यांत फार फरक पडतो, म्हणून तीन-चार लीडर घरून बांधून न्या. ल्युअरच्या बाजूला सरळ गाठ न घालता फास सैल राहील अशी गाठ घाला. नाहीतर जाड लीडर ल्युअरला काठीसारखं धरून ठेवतो आणि त्याची चाल मरते. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नख फिरवा. खरखर लागली की तेवढा भाग कापून टाका.

आता गळ. बाजारात मिळणारे बरेच ल्युअर गोड्या पाण्यातल्या माशांसाठी बनवलेले असतात आणि त्यांच्या मूळच्या ट्रेबल हुकने (तीन टोकांच्या गळाने) दहा किलोचा जिताडा आत येत नाही. हुक सरळ होतो. ३एक्स किंवा ४एक्स जाडीचे हुक लावा, रिंगही बदला, ती ६० पौंडांच्या वरची हवी. इथे एक अडचण येते: जड हुक लावल्यावर तरंगणारा मिनो (लांबट माशाच्या आकाराचा कडक ल्युअर) तरंगेनासा होतो. काही वेळा हे पथ्यावर पडतं, कारण पाण्यात जिथल्या तिथे थांबणारा ल्युअर जिताड्याला फार भावतो. पण एखादा ल्युअर नाकावर बुडायला लागला तर तो गेलाच. बदललेल्या हुकांसह प्रत्येक ल्युअर आधी बादलीत तरंगवून पाहा, आणि तेही खाऱ्या पाण्यात, कारण गोड्या पाण्यात तो जास्त बुडतो.

प्रकार तीनच पुरतात. मीटर-दीड मीटर खोल जाणारा १० ते १२ सेंटीमीटरचा मिनो, दहा ते चौदा ग्रॅमच्या जिगवर (वजन बसवलेल्या गळावर) चार-पाच इंची मऊ शेपटीचा मासा आणि कोळंबीसारखा मऊ ल्युअर. रंगांवर लोक तासन्‌तास बोलतात. गढूळ पाण्यात काळा किंवा सोनेरी आणि स्वच्छ पाण्यात बोयसारखा चंदेरी, एवढ्यावर काम भागतं. जिवंत आमिष वापरणार असाल तर वीतभर बोय वरच्या ओठातून सर्कल हुकमध्ये (टोक आत वळलेल्या गोल गळात) अडकवा, आकार ६/० ते ८/०. सर्कल हुकला झटका द्यायचा नाही, फक्त लाइन ताणत गुंडाळायची, म्हणजे गळ ओठाच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिलात तर आमिषच तोंडातून बाहेर येतं.

जागेसाठी नकाशापेक्षा पाणी वाचा. जिताडा प्रवाहात उभा राहत नाही. तो प्रवाहाच्या कडेला, पाणी मंद झालेल्या सावलीत उभा राहतो आणि प्रवाह खाणं आणून देईल याची वाट पाहतो. पुलाचे खांब, जुन्या धक्क्याचे ढासळलेले चिरे, खाडीच्या वळणावरचं खोल पाणी, तिवरांतून खाडीत उतरणाऱ्या लहान ओघळीचं तोंड. रायगडात खारबंदिस्तीच्या बांधाला उघाड्या (पाणी सोडायची झडपेची तोंडं) असतात. ओहोटीला खाजणातलं पाणी उघाडीतून बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोयची पिल्लं येतात, आणि दहा पावलांवर जिताडा दबा धरून असतो. धरमतर, कुंडलिका, राजपुरी या खाड्यांचं पाणी गढूळ, म्हणून तिथे आवाज करणारा, जास्त हलणारा ल्युअर. कर्ली, आचरा, तेरेखोलकडे पाणी निवळ असतं, तिथे लांबून फेकावं लागतं आणि पहाटे-संध्याकाळीच जमतं.

वेळ भरती-ओहोटीवर. जुना हिशेब आजही उपयोगी आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे जुळतो. दक्षिणेला भरती त्याआधी लागते, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी उशिरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पाणी तळाला. उघाडी आणि ओघळीवर ओहोटीचे शेवटचे दोन तास, पुलाच्या खांबांवर पाणी फिरण्याच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास. ऐन उधाणाला प्रवाह एवढा असतो की दहा ग्रॅमचा जिग तळाला टेकतच नाही, आणि भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीला) पाणी इतकं मंद की मासा हलत नाही. उधाणानंतरचे तीन-चार दिवस सगळ्यात बरे. ऋतू म्हणाल तर होळीपासून पाऊस लागेपर्यंत, आणि पुन्हा गणपतीनंतर दिवाळीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार होतं आणि मासा सुस्तावतो. तेव्हा ल्युअर नेहमीच्या निम्म्या वेगाने चालवा.

चालवायचा कसा? खांबाच्या पलीकडे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेका. तीन-चार अर्धे फेरे देऊन ल्युअर खाली न्या. मग रॉडच्या टोकाने दोन हलके झटके, आणि थांबा. दोन ते चार सेकंद. झेप बहुतेक वेळा या थांब्यावर येते. ज्यांना थांबवत नाही त्यांना जिताडा लागत नाही, हे अगदी खरं. जिताडा चावत नाही. तो मोठं तोंड उघडून पाण्यासकट आमिष ओढून घेतो, म्हणून हाताला जाणवतो तो एकच जड ठोका. त्यावर रॉड वर उचलू नका. आडवा, कमरेच्या उंचीवरून मागे न्या आणि लाइन ताणलेली ठेवा.

ड्रॅग आधीच लावलेला हवा. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे साडेतीन किलोच्या आत-बाहेर. सामान तोलायचा काटा लाइनला बांधून मोजा, आणि तेही वाकलेल्या रॉडमधून. सरळ रिळावरून घेतलेलं माप कमी भरतं, कारण रॉडच्या कड्यांचं घर्षण त्यात येत नाही. दुसरी गोष्ट, लाइन बाहेर जाऊन स्पूल रिकामं होत गेलं की त्याच ड्रॅगची ओढ वाढते, कारण वळशाचा व्यास लहान होतो. घाबरून मध्येच ड्रॅग आवळणारे नेमके याच वेळी लाइन तोडतात. खांबाकडे धाव घेतली तर ड्रॅगला हात न लावता तळहात स्पूलच्या कडेवर दाबा. गरज संपली की हात काढला की झालं. उडी येणार हे लाइन वर चढायला लागली की कळतं. रॉडचं टोक पाण्याजवळ, बाजूला धरा, आणि मासा हवेत असताना हँडल फिरवू नका. ब्रेडेड लाइन ताणली जात नाही, त्यामुळे डोक्याचा प्रत्येक हिसका थेट हुकवर येतो. लवचीकपणा देण्याचं काम तुमच्या हातालाच करावं लागतं.

बाहेर घ्यायला रबरी जाळी वापरा, गाठीच्या नायलॉन जाळीने खवले आणि डोळे खराब होतात. ओठाला चिमटा लावून दहा किलोचा मासा उभा लटकवू नका, जबड्याचा सांधा निखळतो. एक हात चिमट्यावर, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. हातमोजे घाला, कल्ल्याची कड बोट उघडते. मीटरच्या आसपासची मादी सोडून द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. पावसाच्या सुरुवातीला हीच मादी खाडीच्या मुखाशी उतरून लाखोंनी अंडी घालते, आणि तिच्या मटणापेक्षा दोन-अडीच किलोच्या माशाचं मटण केव्हाही चवीला चांगलं. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. गळवाल्यांनीही तेवढे दिवस खाडीची मुखं मोकळी ठेवली तर बिघडत नाही, तसाही त्या पाण्यात ल्युअर दिसत नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात मात्र आधी नियम विचारून घ्या.

ल्युअर अडकला म्हणून तिवराची फांदी तोडू नका, कांदळवन संरक्षित आहे. पाण्यात उतरूनही जाऊ नका. वाशिष्ठी आणि सावित्रीत मगरी आहेत, आणि जिथे मगरी नाहीत तिथे गुडघ्याच्या वर रुतवणारा चिखल आहे. लाइन हाताला गुंडाळून ओढू नका. लाकडी दांड्याला चार वळसे घ्या आणि सरळ मागे चाला.

आता निगा, कारण बीजी बंदिस्त नसल्याने त्याचं आयुष्य इथेच ठरतं. घरी आल्यावर ड्रॅग आवळा, म्हणजे वॉशरमध्ये पाणी जाणार नाही. मग नळाची बारीक धार किंवा ओला कपडा. पाइपचा जोर मारलात की मीठ धुतलं न जाता आत ढकललं जातं. बादलीत बुडवणं तर अजिबात नको. झटकून, पुसून, ड्रॅग पूर्ण सैल करा आणि सावलीत वाळू द्या. आवळलेले वॉशर महिनाभर तसेच राहिले की दबून एकमेकांना चिकटतात. सगळ्यात आधी बिघडतो तो बेलवरचा लाइन रोलर. त्याचं बेअरिंग मिठाने जाम होतं, रोलर फिरायचा थांबतो आणि लाइन त्यावरून करवतीसारखी घासत राहते. बारीक चिरचिर ऐकू आली की समजा. दर चार-पाच वापरांनंतर रोलरला हलक्या तेलाचा एक थेंब, हँडलच्या मुठीला एक आणि स्पूलखालच्या दांड्याला पुसून किंचित ग्रीस. रंगाचा टवका उडाला असेल तिथे ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते. ती दिसली की पुसून तेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात रीळ हवाबंद डब्यात ठेवत असाल तर पूर्ण वाळवून आणि सिलिका जेलची पुडी टाकूनच. ओलसर रीळ डब्यात बंद केलं तर ते उघड्या फळीवरच्या रिळापेक्षा लवकर गंजतं. धुताना लाइन विसरू नका. कुंडलिकेसारख्या खाडीत बारीक गाळ पदरांत बसतो आणि रॉडच्या कड्या कोरतो. स्पूलच्या आत बेअरिंग नसेल तर स्पूल काढून तासभर गोड्या पाण्यात ठेवलं तरी चालतं, बिघडण्यासारखं काही नाही. ड्रॅगचे वॉशर मात्र आधी काढून घ्या.

घेताना लाइन रोलरचं बेअरिंग आणि बेलची स्प्रिंग सुटी मिळते का, हे विचारा. हे दोन सुटे भाग देणाऱ्या दुकानाला पाचशे-सातशे रुपये जास्त मोजले तरी चालतील. आणि ज्याला महिन्यातून एखाद्या रविवारी जेटीवर कोळंबी लावून बसायचं आहे, त्याने हे रीळ घेऊच नये. त्या कामाला साधं २५०० आकाराचं रीळ आणि २० पौंडी लाइन भरपूर आहे, उरलेल्या पैशांत ४एक्सचे हुक येतील.